मामाने द्यावे, भाच्याने देऊ नये

मामाने भाच्याला दहा लाख रुपये दिले, तर भाच्याला त्यावर एक पैसाही आयकर लागत नाही. भाच्याने मामाला साठ हजार दिले, तर ते साठच्या साठ हजार मामाच्या करपात्र उत्पन्नात धरले जातात. हे मी पदरचं सांगत नाही. आयकर कायद्यात 'नातेवाईक' कोण याची रीतसर व्याख्या आहे. तीत आईचा भाऊ बसतो, बहिणीचा मुलगा बसत नाही. म्हणजे मामा हा भाच्याचा नातेवाईक, पण भाचा मामाचा कोणीही नाही. राजापूरच्या आमच्या मामांना हे सांगितलं तेव्हा ते जराही दचकले नाहीत. "तू नोकरीला लागलास तेव्हापासून मला हे माहीत आहे," ते म्हणाले, "सरकारला कोणी सांगितलं, तेवढं कळव."

करावर लिहिणारे लोक नेहमी कर कशावर लागतो ते लिहितात. त्यात करमणूक नाही. गंमत आहे ती कशावर लागत नाही, यात. कोणावर आपली माया आहे आणि कोणावर संशय आहे, हे सरकार भाषणात सांगत नाही. ते करमाफीच्या यादीत सांगतं. १९६१च्या कायद्यात ही सगळी माया कलम १० मध्ये कोंबलेली होती. दर अर्थसंकल्पात कोणाला तरी आत घ्यायचं असे. मग पोटकलमांना आकडे कमी पडले म्हणून अक्षरं लावली, अक्षरं कमी पडली म्हणून तीच अक्षरं दोनदा-तीनदा लावली. अशा रीतीने १०(२६एएए) नावाचं एक पोटकलम जन्माला आलं. ते मोठ्याने वाचलं की शेजारचा माणूस दाढ दुखतेय का म्हणून विचारतो.

आता १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा कायदा लागू झाला आहे. कलमं ५३६, प्रकरणं २३, अनुसूची १६. करमाफीची यादी कलम ११ आणि त्यामागच्या अनुसूचींत नीट मांडून ठेवली आहे. 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' अशी जी दोन वर्षं होती, ज्यांतलं कुठलं मागचं आणि कुठलं पुढचं हे रिटायर होईपर्यंत समजत नसे, ती जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. बरंच काही सोपं झालं. भाच्याला मात्र अजून कोणी घरात घेतलेलं नाही.

ही नात्यांची यादी एकदा शांतपणे वाचण्यासारखी आहे. नवरा-बायको, सख्खे भाऊ-बहीण, जोडीदाराचे सख्खे भाऊ-बहीण, आई-वडिलांचे भाऊ-बहीण, थेट वरची पिढी, थेट खालची पिढी, जोडीदाराच्या तशाच दोन्ही पिढ्या, आणि या सगळ्यांचे नवरे किंवा बायका. यांच्यापैकी कोणीही कितीही पैसे भेट दिले तरी घेणाऱ्याला कर नाही. यादीबाहेरच्या सगळ्यांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांपर्यंत चालतं. पन्नास हजारांवर एक रुपया गेला की नुसता तो रुपया नाही, पहिल्या रुपयापासून सगळी रक्कम करपात्र. त्यामुळे एकावन्न हजारांचं पाकीट हे एकोणपन्नास हजारांच्या पाकिटापेक्षा महाग पडतं, आणि वरचा एक रुपया शुभ असतो हे आपल्याकडचं मत आयकर खात्याला मान्य नाही.

आता हे यादीवर ताडून बघा. चुलतभाऊ: बाहेर. मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ: बाहेर. ज्याच्याबरोबर आपण एका गोधडीत झोपलो, ज्याने दहावीला आपल्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही केली, तो कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावरचा इसम. व्याही बाहेर, विहीणबाई बाहेर. पुतण्या भाच्यासारखाच: काका देऊ शकतो, पुतण्या देऊ शकत नाही. (पुतण्याकडून काकाकडे आजवर जे काही गेलं ते पैशाच्या स्वरूपात नव्हतं, हे महाराष्ट्राला सांगायला नको.) आणि आत कोण आहे? साडू. बायकोची बहीण ही जोडीदाराची बहीण म्हणून आत येते, आणि तिचा नवरा तिच्या पदराला धरून आत येतो. माझ्या साडूंचं आणि माझं त्यांच्या वास्तुशांतीपासून, सोलर हीटर कुठल्या कंपनीचा घ्यायचा या विषयावरून, जेवढ्यास तेवढं आहे. पण संसदेने आम्हाला कायमचं जवळ आणून ठेवलं आहे. ते मला उद्या एक कोटी देऊ शकतात. अजून दिलेले नाहीत.

मामांच्या घराचं छप्पर गेल्या पावसात उडालं. कोकणातलं कौलारू घर दुरुस्त करायचं म्हणजे पन्नास हजारांत नुसते वासे येतात. मी आमच्या सीएंना विचारलं, "मामांना दोन लाख द्यायचेत, कसे देऊ?" ते हिशेबाच्या कागदावरून मान वर न करता म्हणाले, "तुम्ही देऊ नका. आईला द्या."

"आईचं छप्पर ठीक आहे."

"आई तुमची नातेवाईक. मामा आईचे नातेवाईक. बहिणीने भावाला काय द्यावं यात खातं पडत नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

आई हे ऐकून फार खूश झाली. आयुष्यभर भाऊबीजेला ओवाळणी घेतलेल्या बाईला भावाला उलट दोन लाख घालण्याचा मान मिळाला. तिने मामांना फोन करून सांगितलं, "दादा, मी पाठवतेय हो पैसे." माझं नाव त्यात कुठेही आलं नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने तेच योग्य होतं.

घरातल्या घरातही हा कायदा फार बारीक बघतो. नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर बायकोला कर नाही. पण तिने त्याची मुदत ठेव केली की व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. सासऱ्याने सुनेला दिले तरी तेच: पैसे सुनेचे, व्याजाचा कर सासऱ्याच्या डोक्यावर. सज्ञान मुलाला दिले तर मात्र व्याजही मुलाचं आणि करही मुलाचा. सुनेला मुलीसारखं मानतो म्हणणाऱ्या सर्व सासऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण मुलीला दिले तर हा प्रश्न येत नाही.

एकत्र कुटुंबपद्धती मोडली असं समाजशास्त्राचे प्राध्यापक सांगतात. त्यांनी पॅनकार्डं बघितलेली नाहीत. अविभक्त हिंदू कुटुंबाला स्वतःचं वेगळं पॅनकार्ड मिळतं, वेगळं विवरणपत्र भरता येतं, आणि कुटुंबाच्या उत्पन्नातून सदस्याच्या वाट्याला आलेले पैसे त्या सदस्याला करमुक्त असतात. माझ्या ओळखीचं असं एक अविभक्त कुटुंब आहे. थोरला कोथरूडला राहतो, धाकटा सिंगापूरला, आईचे दिवस दोघांनी वाटून घेतलेत, आणि गणपती कोणाकडे बसवायचा यावरून पाच वर्षं अबोला आहे. कागदावर मात्र ते इतकं गुण्यागोविंदाने नांदतं की वाचताना डोळ्यांत पाणी येतं.

या सगळ्या संशयी कारभारात सरकारचं मन एकाच प्रसंगी विरघळतं: लग्नात. लग्नानिमित्त वधू-वरांना कोणीही, कितीही दिलं तरी करमुक्त. साहेब, शेजारी, कंत्राटदार, कोणीही. पण फक्त वधू-वरांना. त्यांच्या आई-वडिलांच्या हातात पडलेलं पाकीट हे लग्नातलं पाकीट नव्हे. आणि फक्त लग्न. बारसं नाही, मुंज नाही, वाढदिवस नाही, साठीशांत नाही, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस तर नाहीच. मुंजीत बटूच्या झोळीत परक्या माणसांनी मिळून पन्नास हजारांवर भिक्षा घातली, तर ती करपात्र आहे, आणि बटू अज्ञान असल्यामुळे ते उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याची कमाई जास्त त्याच्यात मिळवतात. पूर्वी भिक्षेला गुरुगृही जावं लागे. आता विवरणपत्रात जाते.

कार्यालयात स्टेजच्या उजव्या बाजूला एक टेबल असतं. त्यावर दोनशे पानी वही, लाल आणि निळं अशी दोन पेनं, रबर बँडचा पुडा, आणि पिशवी मांडीत घट्ट धरून बसलेले, घरात ज्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे पण ज्यांना कोणी गप्पांत घेत नाही असे एक काका. ते पाकीट उजेडाकडे धरतात, आतल्या नोटेचा रंग बघतात, मग कोपरा फाडतात, रक्कम पुटपुटतात आणि नाव लिहितात. नावापुढे गाव. गावापुढे कंसात 'मुलीकडचे'. ही वही पुढे तीस वर्षं टिकते, कारण परतीचा आहेर किती करायचा हे तीच ठरवते. आमचे सीए म्हणतात की लग्नातली भेट सिद्ध करायला या वहीइतका चांगला पुरावा नाही, फक्त मंडळींनी त्यात 'चुलत्यांनी फसवलं, १०१' असे शेरे मारू नयेत. रोखीत एवढंच सांभाळायचं की एका माणसाकडून एका प्रसंगानिमित्त दोन लाख किंवा वर रोख घ्यायचे नाहीत. घेतले तर दंड तेवढ्याच रकमेचा. हा नियम २०१७ पासून आहे, आणि मी ज्या लग्नांना जातो तिथे तो आजवर कधी धोक्यात आलेला नाही.

वस्तूंचं प्रकरण याहून मजेशीर. भेट म्हणून कुठल्या वस्तू मोजायच्या याची कायद्यात यादी आहे: जमीनजुमला, शेअर, दागिने, सोन्या-चांदीच्या लगडी, पुराणवस्तू, चित्रं, शिल्पं, एकूण कलाकृती. या यादीत मिक्सर नाही. लेमन सेट नाही. भिंतीवरचं घड्याळ नाही. फ्रिज नाही, आणि मोटारगाडीही नाही. म्हणजे मित्राने पन्नासाव्या वाढदिवसाला तुम्हाला मोटार दिली तर ती मोजत नाहीत, पण लाखाचं चित्र दिलं तर मोजतात. मला साठीला कोणी प्लास्टर ऑफ पॅरिसची राधाकृष्णाची मूर्ती दिली तर ती शिल्पात धरायची का, असं मी सीएंना विचारून ठेवलं. आधीच्या एका समारंभातली तशीच मूर्ती दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन सगळीकडून बघितली आणि म्हणाले, "कलाकृती म्हटलंय. ही नाही."

लग्न मोडलं तरी सरकार फार वाईट वागत नाही. एकरकमी पोटगी ही उत्पन्न नव्हे, भांडवली जमा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ साली एका संस्थानी घराण्यातल्या प्रकरणात म्हटलं. महिन्याच्या महिन्याला मिळणारी पोटगी मात्र करपात्र. थोडक्यात, लग्नाच्या दिवशीचं करमुक्त, घटस्फोटाच्या दिवशीचं करमुक्त. मधला संसार तेवढा करपात्र.

मरणाबाबतही कायदा उदार आहे. पूर्वी नव्हता. १९५३ साली मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर इस्टेट ड्यूटी आली आणि तिचा वरचा दर चढत चढत ८५ टक्क्यांवर गेला. इतकी वसुली देऊन मरणं कोणालाच परवडेना. १९८५ साली ती रद्द झाली. आता मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेल्याला आयकर नाही. 'मृत्यू समोर दिसत असताना दिलेली भेट' असाही एक करमुक्त प्रकार आहे. त्यात एक मेख आहे. भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे असा देणारा त्या दुखण्यातून उठून बसला, तर भेट रद्द. म्हणजे आजोबांनी अतिदक्षता विभागात अंगठी काढून नातवाच्या हातात ठेवली आणि चौथ्या दिवशी चहा मागितला, की नातवाने अंगठी काढून ठेवायची. आजोबा बरे झाल्याचा आनंद सगळ्यांना सारखाच होतो असं कायदा गृहीत धरतो.

आयुर्विम्यातही तेच तत्त्व. विमेदार गेला तर वारसाला मिळणारी रक्कम करमुक्त. तो मुदतीअखेर जिवंत राहिला तर मात्र चौकशी सुरू: पॉलिसी कधीची, हप्ता विमारकमेच्या दहा टक्क्यांच्या आत होता का, १ एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसींचे हप्ते मिळून वर्षाला पाच लाखांच्या वर जातात का. हयात माणसाकडे सगळे कागद मागतात, गेलेल्याकडे एकच.

आता शेती. या विषयावर हळू आवाजात बोलायची पद्धत आहे, कारण शेतकऱ्यावर कर लावावा असं म्हणणारा निवडणुकीत पडतो आणि लावू नये म्हणणाऱ्याकडे बहुधा शेत असतं. १८६० साली जेम्स विल्सन या स्कॉटिश माणसाने, १८५७च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरायला, आपल्याकडे पहिला आयकर आणला तेव्हा शेतीची कमाईही त्यात होती. विल्सनसाहेब त्याच वर्षी कलकत्त्यात वारले, कर राहिला. १८८६च्या कायद्याने शेतीला वगळलं. शेतकरी शेतसारा भरतोच, पुन्हा कशाला, हा विचार. पुढे राज्यघटनेने शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांकडे दिला. केंद्र म्हणतं आम्हाला अधिकार नाही. राज्यांना अधिकार आहे. त्यांना मतदारसंघही आहेत.

त्यामुळे शेती म्हणजे नेमकं काय, यावर देशातल्या उत्तमोत्तम वकिलांची हयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सांगितलं की नांगरणी, पेरणी, लावणी असं जमिनीवरचं मूळ काम माणसाने केलेलं हवं. आपोआप उगवलेल्या झाडांची नुसती निगा राखली म्हणजे शेती होत नाही. त्यामुळे हापूस करमुक्त. हापूसचा रस काढून डब्यात भरला की आंब्याच्या किमतीपुरतं शेतीचं, वरचा नफा धंद्याचा. गाय करमुक्त जमिनीवर करमुक्त कडबा खाते आणि करपात्र दूध देते. कोंबडी करपात्र, अंडंही करपात्र, त्यामुळे आधी कोण या वादात खातं पडलं नाही. समुद्राचं पाणी अडवून मिठागरात मीठ काढतात, त्यात आगरी माणसाचा घाम शेतापेक्षा कमी जात नाही. ते शेतीत धरत नाहीत. चहा स्वतःच्या मळ्यात पिकवून कारखान्यात तयार केला तर ६० टक्के शेती आणि ४० टक्के धंदा. कॉफी पिकवून, वाळवून विकली तर ७५ टक्के शेती. भाजून दळली की तीही ६०वर येते. तुमच्या हातातल्या कपात किती शेत आहे हे सरकारने टक्क्यात काढून ठेवलं आहे.

शेताच्या बांधावर 'लॉन्स' काढून लग्नं लावणं ही शेती नव्हे, हेही सांगायला हवं, कारण माझ्या एका मित्राचं म्हणणं होतं की तिथे हिरवळ लावलेली आहे, तिला पाणी घालतात आणि तिच्यावरच पैसे येतात.

नोकरदाराने गावाकडच्या दोन एकरांचं उत्पन्न दाखवायचं म्हटलं तर आणखी एक गोम. १९७२च्या राज समितीच्या शिफारशीवरून पुढल्याच वर्षी असा नियम आला की शेतीचं उत्पन्न पाच हजारांवर आणि बाकीचं उत्पन्न कर लागण्याच्या मर्यादेवर असेल, तर शेतीवर कर नाही, पण दर ठरवताना ते मिळवायचं. म्हणजे हा पाहुणा पंगतीत बसतो, जेवत नाही, पण त्याच्यामुळे बाकीच्यांना महागड्या पानाकडे सरकावं लागतं. हे मी माझ्या साडूंना तीनदा समजावलं. त्यांच्याकडे सातारा जिल्ह्यात वडिलोपार्जित सात गुंठे आहेत. त्यात गेल्या वर्षी फक्त बाभळी होत्या, त्याही आपोआप उगवलेल्या. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून ते ऑफिसात स्वतःला शेतकरी म्हणवतात आणि पाऊस लांबला की खिडकीशी जाऊन उभे राहतात.

ती जमीन विकायची झाली तर काय, यावर मात्र त्यांचा अभ्यास पक्का आहे. ग्रामीण शेतजमीन विकून आलेल्या नफ्यावर कर नाही. ग्रामीण कशाला म्हणायचं? नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटरच्या बाहेर, दहा लाखांपर्यंत सहा, त्यावर आठ. हे अंतर २०१३च्या दुरुस्तीपासून हवाई मोजतात. डोंगराला वळसा घालून घाटरस्त्याने साडूंची जमीन पालिकेपासून सहज दहा किलोमीटर भरते. सरळ आकाशातून पावणेदोन. डोंगराने पिढ्यान्पिढ्या वहाळ अडवला, एसटी अडवली, वधूपिते अडवले, पण कर अडवला नाही. लोकसंख्या मात्र ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत तीच धरतात, म्हणजे अजून २०११ची. त्यामुळे जनगणना लांबत गेल्याचं दुःख न झालेली माणसं या देशात आहेत, आणि त्यांतले एक माझे साडू आहेत.

पगारदारांच्या माफीबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, कारण ती बघून कोणाची करमणूक होत नाही. सरकारी नोकराला निवृत्तीच्या वेळी रजेचे सगळे पैसे करमुक्त. खासगीतल्याला वर्षानुवर्षं तीन लाखांची मर्यादा होती, ती २०२३ साली एकदम पंचवीस लाख झाली. मधल्या काळात निवृत्त झालेले लोक अजून बागेत भेटतात. १९६२च्या नियमांत मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा शंभर रुपयांचा भत्ता करमुक्त ठेवला होता, एका मुलामागे, दोन मुलांपर्यंत. शंभर रुपयांत शाळेने फी मागितल्याचा एसएमएससुद्धा आला नसता. प्रवासभत्त्यात चार वर्षांत दोनदा देशातल्या देशात जाऊन यावं, पण माफी फक्त भाड्याला, आणि तीही जवळात जवळच्या मार्गाच्या. काश्मीरला जाताना वाटेत मावशीकडे इंदूरला उतरलात, तर पोहे तुमचे.

घरभाड्याचा विषय सोडवत नाही. जुन्या नियमांत पगाराच्या पन्नास टक्क्यांपर्यंतची भाडेमाफी मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई एवढ्यांनाच होती, पुण्याला चाळीस. हा अपमान पुण्याने ज्या संयमाने गिळला त्याची इतिहासात नोंद नाही, कारण गिळताना पुण्याने कोणाचं लक्ष जाऊ दिलं नाही. आई-वडिलांच्या घरात राहून त्यांना खरोखर भाडं दिलं आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवलं, तर तेही चालतं. जानेवारीत ऑफिस 'प्रूफ' मागायला लागलं की घराघरांत बारा पावत्यांचा गठ्ठा निघतो. आमच्या शेजारच्या काकूंना मुलाने असंच बसवून सह्या करायला लावल्या. पाच हजारांच्या वरच्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प, स्टॅम्पवर अर्धी सही, कागदावर अर्धी. सातव्या पावतीला काकूंनी पेन खाली ठेवलं. "हे पंधरा हजार महिन्याला मला मिळाले का रे?" मुलगा म्हणाला, "आई, तू सही कर." काकूंनी मग पुढल्या महिन्यापासून खरंच भाडं घ्यायला सुरुवात केली. गेल्या दिवाळीत वाढवलं.

माझ्या सर्वांत आवडीचं पोटकलम मात्र राजवाड्याचं आहे. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली गेले, पदव्या गेल्या, पण माजी राजाच्या राहत्या राजवाड्यावरची आयकर माफी टिकली. फक्त एक राजवाडा. दुसरा असेल तर आपलं आपण बघावं. कोट्याच्या महाराजांनी राजवाड्याचा काही भाग संरक्षण मंत्रालयाला भाड्याने दिला होता. त्या भागावर कर लागतो, असं खात्याचं म्हणणं. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१६ साली न्यायालयाने सांगितलं की राजवाडा हा राजवाडा असतो, त्याचा तुकडा पाडून कर लावता येत नाही. म्हणजे सरकारने भाडं द्यायचं आणि सरकारनेच त्यावर कर मागायचा नाही. असा भाडेकरू आमच्या सोसायटीत कोणाला मिळालेला नाही.

हे सगळं आता बहुतेकांसाठी निरुपयोगी झालं आहे. नव्या करप्रणालीत घरभाडं, प्रवासभत्ता वगैरेंची माफी नाही, पण बारा लाखांपर्यंत करच शून्यावर येतो. पगारदाराला पाऊण लाखाची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. माझ्या साडूंचा पगार यात आरामात बसतो. सीएंनी त्यांना आकडा दाखवला: कर शून्य. साडूंचा चेहरा उतरला. त्यांच्या मांडीवर वर्षभर जपलेली फाइल होती. तीत भाडेपावत्या, विम्याचे हप्ते, मुलाच्या फीच्या झेरॉक्स, पोस्टातल्या बचत खात्याच्या करमुक्त साडेतीन हजार व्याजाचं पासबुक, सात गुंठ्यांचा सातबारा, सगळं तारखेप्रमाणे पंच करून लावलेलं.

"जुन्या पद्धतीने करून बघा," ते म्हणाले.

"जुन्या पद्धतीत तुम्हाला बेचाळीस हजार भरावे लागतील."

साडूंनी फाइलीच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं, जणू नातेवाईक म्हणून मी काही बोलावं. मी बोललो नाही.

"भरू," ते म्हणाले. "पण एवढ्या पावत्या फुकट नको जायला."